प्रथिनांच्या कारखान्यावर विषाणूचा ताबा

विषाणूला सजीव म्हणावे की निर्जीव, हा वाद जुना आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. एका गोष्टीविषयी मात्र शास्त्रज्ञांत दुमत नाही. आजवर माहीत झालेल्या एकाही विषाणूपाशी प्रथिने तयार करण्याची स्वतःची परिपूर्ण यंत्रणा नाही. जिवाणू, बुरशी, वनस्पती, प्राणी या सर्वांच्या पेशींत ती असते. विषाणूला ती दुसऱ्याच्या पेशीत शिरूनच वापरावी लागते. विषाणूचे कवच प्रथिनांचे असते आणि त्याच्या प्रती काढणारी विकरेही प्रथिनांचीच असतात. त्यामुळे ही यंत्रणा हाती आल्याखेरीज विषाणूची संख्या एकाने देखील वाढू शकत नाही. विषाणू आणि पेशी यांच्यातील झगड्याचा मोठा भाग या यंत्रणेच्या ताब्यावरून चालतो.

पोलिओच्या विषाणूच्या बाबतीत हा झगडा विशेष बारकाईने अभ्यासला गेला आहे. त्यातून मिळालेले ज्ञान प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाही. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस निरुपद्रवी का असते, अत्यंत क्वचित प्रसंगी ती उलटते का आणि तसे होऊ नये म्हणून काय करता येईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना हेच ज्ञान कामी आले.

पेशीतील कारखाना

प्रथिन तयार करण्याची कृती पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये लिहिलेली असते. तिची एक नक्कल आरएनए या रेणूच्या रूपाने केंद्रकाबाहेर येते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तो ज्या ठिकाणी वाचला जातो, ते ठिकाण म्हणजे रायबोसोम. मानवी पेशीत असे लाखो रायबोसोम असतात. प्रत्येक रायबोसोम एक लहान आणि एक मोठा अशा दोन भागांचा बनलेला असून त्यात सुमारे ८० प्रथिने आणि आरएनएचे चार रेणू असतात. संदेशातील तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचून तो त्या शब्दाला अनुरूप असे अमिनो आम्ल साखळीत जोडत जातो. रायबोसोमच्या अंतर्रचनेचा उलगडा केल्याबद्दल २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अ‍ॅडा योनाथ यांना विभागून देण्यात आले. त्यांपैकी रामकृष्णन यांचा जन्म तामिळनाडूतील चिदंबरम येथला.

रायबोसोमने वाचन कोठून सुरू करावे, हे ठरवण्याची पेशीची एक ठरलेली पद्धत आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक रासायनिक खूण असते. तिला शास्त्रज्ञ ‘टोपी’ म्हणतात. ईआयएफ-४ई नावाचे प्रथिन ही टोपी पकडते. ईआयएफ-४जी हे दुसरे, लांबलचक प्रथिन दुव्यासारखे काम करते. त्याची एक बाजू टोपी पकडणाऱ्या प्रथिनाला धरून असते, तर दुसऱ्या बाजूने ते रायबोसोमच्या लहान भागाला संदेशापाशी आणते. मग हा लहान भाग संदेशावरून पुढे सरकत जातो आणि आरंभाचा शब्द सापडला की मोठा भाग येऊन त्याला मिळतो. त्यानंतर प्रथिनाची साखळी तयार होऊ लागते. ही टोपी १९७५ साली प्रथम स्पष्ट झाली, तीही विषाणूंच्याच आरएनएचा अभ्यास करताना, हे येथे नमूद केले पाहिजे.

पोलिओची युक्ती

पोलिओचा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटर व्यासाचा. त्याच्या आरएनएमध्ये सुमारे साडेसात हजार अक्षरे असतात. पेशीत शिरल्यावर हा आरएनए स्वतःच संदेश म्हणून वाचला जातो आणि त्यापासून सुमारे २,२०० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी तयार होते. पुढे विषाणूचीच विकरे तिचे तुकडे करतात आणि त्यांतून वेगवेगळी प्रथिने मोकळी होतात.

या आरएनएच्या आरंभी टोपी नसते. मग रायबोसोम तेथे येतो कसा, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. दुसरे कोडे असे होते, की पोलिओचा संसर्ग झाल्यावर दोन-तीन तासांतच पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती जवळजवळ थांबते, पण विषाणूची प्रथिने मात्र तयार होत राहतात. रायबोसोम तेच, अमिनो आम्ले तीच. तरी एकाचे काम बंद आणि दुसऱ्याचे चालू.

या दुसऱ्या कोड्याचे उत्तर १९८०च्या दशकात मिळाले. विषाणूच्या लांब साखळीतून मोकळे होणारे ‘२ए’ नावाचे विकर पेशीतील ईआयएफ-४जी या दुवा साधणाऱ्या प्रथिनाचे दोन तुकडे करते. एका तुकड्याशी टोपी पकडणारे प्रथिन राहते, तर रायबोसोमला आणणारी बाजू दुसऱ्या तुकड्यात जाते. टोपी आणि रायबोसोम यांच्यातील संबंध तुटल्यामुळे पेशीचे संदेश वाचले जाईनासे होतात.

पहिल्या कोड्याची उकल १९८८ साली झाली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेरी पेलेटिए आणि नहूम सोनेनबर्ग यांनी दोन प्रथिनांच्या कृती एकापुढे एक असलेला आरएनए तयार केला आणि त्या दोहोंच्या मध्ये पोलिओच्या आरएनएचा आरंभीचा भाग घातला. पहिल्या प्रथिनाचे वाचन रोखले तरी दुसरे प्रथिन तयार होत राहिले. याचा अर्थ रायबोसोम टोपीपासून चालत न येता थेट मध्येच उतरत होता. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टोनी ब्रूक येथे एकार्ड विमर यांच्या गटाला उंदरांत आढळणाऱ्या, पोलिओच्याच कुळातील एका विषाणूत असेच स्थान आढळले. या भागाला ‘अंतर्गत रायबोसोम प्रवेशस्थान’ असे नाव मिळाले. पोलिओत ते सुमारे ४५० अक्षरांचे आहे. आरएनएची ही पट्टी स्वतःभोवती दुमडून तिचे अनेक फासे तयार होतात आणि त्या फाशांच्या आकारामुळे रायबोसोमला आणणारी प्रथिने तेथे येऊन चिकटतात. विशेष म्हणजे, ‘२ए’ने तोडलेल्या ईआयएफ-४जीचा उरलेला तुकडा विषाणू येथे वापरतो. पेशीला निकामी झालेला भाग विषाणूला पुरेसा असतो.

इतर विषाणूंच्या तऱ्हा

प्रत्येक विषाणू हीच वाट धरतो असे नाही. हेपटायटिस-सीच्या विषाणूकडेही अंतर्गत प्रवेशस्थान आहे, परंतु ते मोजक्याच सहायक प्रथिनांच्या मदतीने रायबोसोमच्या लहान भागाला थेट पकडते. नाकतोड्यांच्या वर्गातील किड्यांना पक्षाघात करणाऱ्या एका विषाणूचे प्रवेशस्थान तर आरंभक प्रथिनांवाचूनच काम भागवते. अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूच्या आकाराची नक्कल करून ते रायबोसोमला फसवते.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू टोपीची चोरी करतो. केंद्रकात तयार होत असलेल्या पेशीच्या संदेशाची टोपी, तिच्यापुढील दहा-तेरा अक्षरांसह, तो कापून घेतो आणि स्वतःच्या संदेशाच्या आरंभी जोडतो. ही कापणी करणाऱ्या विकराला रोखणारे बॅलोक्साव्हिर हे औषध २०१८ साली प्रथम जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत मंजूर झाले.

कोविड-१९ या रोगास कारणीभूत ठरलेल्या करोना विषाणूचे ‘एनएसपी-१’ हे प्रथिन रायबोसोमच्या लहान भागातील, संदेश जेथून आत शिरतो तो मार्गच बुचासारखा बंद करते, असे २०२० साली दिसून आले. विषाणूच्या स्वतःच्या संदेशांच्या आरंभी असलेला एक विशिष्ट भाग त्यांना या अडथळ्यातून सोडवतो. याच विषाणूच्या आरएनएत एके ठिकाणी अशी रचना आहे, की तेथे काही रायबोसोम एक अक्षर मागे घसरतात. घसरलेले रायबोसोम पुढचा मजकूर वेगळ्या प्रकारे वाचतात आणि विषाणूच्या प्रती काढण्यासाठी लागणारी विकरे त्यातूनच तयार होतात.

ब्राझीलमध्ये सापडलेल्या आणि २०१८ साली वर्णन प्रसिद्ध झालेल्या तुपान विषाणूकडे वीसही अमिनो आम्ले वाहक रेणूंना जोडणाऱ्या विकरांची जनुके आहेत. इतकी सामग्री जवळ बाळगणाऱ्या या महाकाय विषाणूलाही रायबोसोम मात्र अमीबाचाच वापरावा लागतो.

पेशीचा प्रतिकार

पेशीही हातावर हात ठेवून बसत नाही. बहुतेक विषाणूंची वाढ होताना दुपदरी आरएनए तयार होतो. पेशीतील पीकेआर नावाचे विकर तो ओळखते आणि ईआयएफ-२ या आरंभक प्रथिनावर फॉस्फेटची खूण करते. साखळीतील पहिले अमिनो आम्ल रायबोसोमपाशी आणण्याचे काम या प्रथिनाकडे असते. खूण झाल्यावर ते काम थांबते आणि पेशीतील सारी प्रथिननिर्मिती मंदावते. पेशी स्वतःचे नुकसान पत्करते, कित्येकदा मरतेही. पण विषाणू शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी शोधलेले इंटरफेरॉन हे प्रथिन शेजारच्या पेशींना सावध करते, तेव्हा त्या पेशी पीकेआरचा साठा वाढवून ठेवतात.

यावरही विषाणूंनी तोड काढली आहे. देवीच्या लशीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू ईआयएफ-२सारखे दिसणारे एक नकली प्रथिन तयार करतो आणि पीकेआर त्यातच गुंतून पडते. नागीण वर्गातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू पेशीच्याच एका विकराला हाताशी धरून फॉस्फेटची खूण पुसून टाकतो.

एका अक्षराचा फरक

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो आणि आतड्यात वाढतो. संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो. विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशींपर्यंत पोहोचला तरच तसे घडते. अल्बर्ट सेबिन यांनी १९५०च्या दशकात माकडांत आणि ऊतींमध्ये विषाणूची पुनःपुन्हा वाढ करून असे वाण निवडले, की जे आतड्यात वाढतात पण चेतापेशींना सहसा इजा करत नाहीत. विषाणूत नेमका कोणता बदल झाला, हे त्या वेळी कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. पोलिओच्या आरएनएचा संपूर्ण क्रम हाती आला तोच १९८१ साली.

लस आणि मूळ विषाणू यांची तुलना सुरू झाल्यावर अनपेक्षित गोष्ट आढळली. तिसऱ्या प्रकारच्या लशीत मूळ विषाणूच्या तुलनेत मोजकेच बदल होते. त्यांतील एक महत्त्वाचा बदल कोणत्याही प्रथिनाच्या कृतीत नव्हता. तो ४७२व्या स्थानावर, म्हणजे पुढे ज्याला अंतर्गत प्रवेशस्थान म्हणून ओळखले गेले त्या भागात होता. मूळ ‘सी’ या अक्षराच्या जागी लशीत ‘यू’ होते. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या लशींतही याच भागात, अनुक्रमे ४८० आणि ४८१ या स्थानांवर, असेच बदल आढळले.

आरएनएच्या दुमडलेल्या फाशात समोरासमोरची अक्षरे एकमेकांना धरून असतात. ‘जी’ आणि ‘सी’ यांची जोडी घट्ट असते, तर ‘जी’ आणि ‘यू’ यांची सैल. ४७२व्या स्थानावरील बदलामुळे घट्ट जोडीची सैल जोडी झाली आणि फासा ढिला पडला. ढिल्या फाशापाशी रायबोसोमची यंत्रणा नीट जमत नाही. आतड्यात विषाणूचे काम त्यावर निभावते, परंतु चेतापेशीत त्याची प्रथिननिर्मिती रखडते. थोडक्यात, लस सौम्य ठरते याचे एक प्रमुख कारण म्हणजे तिला रायबोसोमवर पुरता ताबा मिळवता येत नाही.

हेच तत्त्व उलट्या बाजूनेही वापरून पाहण्यात आले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सेबिन लशीच्या विषाणूचे प्रवेशस्थान काढून तेथे सर्दीच्या विषाणूचे प्रवेशस्थान बसवण्यात आले. असा विषाणू चेतापेशींत वाढत नाही, पण मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींना मारतो. ६१ रुग्णांवरील या उपचाराचे प्राथमिक निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

थेंब उलटतात तेव्हा

जी गोष्ट एका अक्षराने साधली, ती एका अक्षराने बिघडूही शकते. विषाणूच्या आरएनएच्या प्रती निघताना चुका होतच असतात. लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात ४७२व्या स्थानावरील ‘यू’चे पुन्हा ‘सी’ झाले, तर फासा घट्ट होतो आणि तो विषाणू इतरांपेक्षा जोमाने वाढतो. असे बदललेले विषाणू लस दिल्यानंतर काही दिवसांतच विष्ठेत सापडतात, असे १९८५ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

बहुतेक बाळांना त्यामुळे काहीच होत नाही, कारण तोवर त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. लशीमुळेच लुळेपणा येण्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे २७ लाख मात्रांमागे एक इतके अल्प आहे. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. जेथे बहुसंख्य मुलांना लस मिळालेलीच नाही, तेथे लशीचा विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे अनेक महिने फिरत राहतो. त्या काळात त्याच्यात आणखी बदल साठतात, आतड्यातील त्याच्याच कुळातील इतर विषाणूंशी त्याची देवाणघेवाण होते आणि तो मूळ विषाणूइतकाच घातक बनतो. २००० साली डोमिनिकन रिपब्लिक आणि हैती येथे अशी साथ प्रथम स्पष्टपणे ओळखली गेली.

तरीही थेंबांचे उपकार नाकारता येणार नाहीत. भारतात १९९५पासून पल्स पोलिओ मोहिमा राबवल्या गेल्या. मुंबईतील हाफकिन महामंडळात तयार झालेली लसही देशात आणि युनिसेफमार्फत परदेशांत वापरली गेली. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. जानेवारी २०११मध्ये हावडा येथे आढळलेला रुग्ण अखेरचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मूळ विषाणूचा दुसरा प्रकार १९९९ साली अलीगढ येथे अखेरचा दिसला होता. त्यामुळे या प्रकारची लस देत राहण्यात लाभापेक्षा जोखीमच अधिक उरली आणि एप्रिल-मे २०१६मध्ये जगभर तिन्ही प्रकारांच्या थेंबांऐवजी पहिल्या व तिसऱ्या प्रकाराचे थेंब देण्यास सुरुवात झाली. भारतात नोव्हेंबर २०१५पासून त्यांच्या जोडीला मृत विषाणूंची, टोचून देण्याची लसही आली. या लशीतील विषाणू वाढतच नसल्याने तो उलटण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही.

जगाच्या काही भागांत मात्र हिशेब चुकला. लशीपासून उद्‌भवलेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू आधीपासूनच फिरत होता आणि २०१६नंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. साथ विझवण्यासाठी पुन्हा जुनीच लस वापरावी लागे आणि तिच्यातून कधी कधी नवी साथ पेट घेई. २०२० साली या प्रकारामुळे जगात एक हजाराहून अधिक जणांना लुळेपणा आला.

फासा पक्का करण्याचा प्रयत्न

या पेचातून बाहेर पडण्यासाठी शास्त्रज्ञांनी पुन्हा त्याच फाशाकडे लक्ष वळवले. सेबिन यांची लस नकळत झालेल्या बदलांवर उभी होती. नव्या लशीत हे बदल जाणीवपूर्वक करण्यात आले. फाशाच्या संबंधित भागातील अक्षरे बदलून तेथे ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मध्यम ताकदीच्या जोड्या बसवण्यात आल्या. सैल ‘जी-यू’ जोडी एका बदलाने घट्ट होऊ शकते. ‘यू-ए’ जोडी घट्ट व्हायची तर दोन्ही अक्षरे बदलावी लागतात. त्यांतील एकच बदलले तर फासा आणखी ढिला पडतो आणि तो विषाणू मागे पडतो. घातकपणाकडे जाणाऱ्या वाटेवर अशा रीतीने आधी उताराऐवजी चढ निर्माण करण्यात आला. त्याशिवाय प्रती काढणाऱ्या विकराच्या चुका आणि इतर विषाणूंशी होणारी देवाणघेवाण कमी व्हावी, यासाठीही बदल केले गेले.

या लशीची पहिली चाचणी २०१७ साली बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या आवारात झाली. दुसऱ्या प्रकारचा जिवंत विषाणू बाहेर पसरू नये म्हणून स्वयंसेवकांना कंटेनरची खास वसाहत उभारून चार आठवडे अलग ठेवण्यात आले होते. नोव्हेंबर २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लशीच्या आपत्कालीन वापरास मान्यता दिली आणि मार्च २०२१पासून आफ्रिकेत ती दिली जाऊ लागली. डिसेंबर २०२३मध्ये तिला संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. गाझा पट्टीत पंचवीस वर्षांनंतर पोलिओचा रुग्ण आढळल्यावर सप्टेंबर २०२४मध्ये तेथील मुलांना हीच लस देण्यात आली.

नवी लस पूर्णपणे निर्धोक आहे, असे मात्र म्हणता येत नाही. कांगो लोकशाही प्रजासत्ताक आणि बुरुंडी येथे तिच्यापासूनही घातक विषाणू उद्‌भवल्याचे २०२३ साली आढळले. जुन्या लशीच्या तुलनेत असे प्रसंग बरेच कमी आहेत, पण शून्य नाहीत. फासा पक्का केला तरी विषाणूला प्रती काढण्याची आणि त्या ओघात चुकण्याची संधी मिळतेच. आणि ती संधी जेथे लस न घेतलेली मुले पुष्कळ असतात, तेथेच जास्त मिळते. म्हणूनच पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांसाठी अशाच नव्या लशी विकसित होत असताना, आहे ती लस प्रत्येक बाळापर्यंत पोहोचवण्याची निकड कमी झालेली नाही. मूळ विषाणूचा पहिला प्रकार आजही पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात टिकून आहे आणि भारतातील बाळांना आजही थेंबांबरोबर टोचून देण्याची लस दिली जाते, ती याच कारणाने.